आडातलं कासव

आमच्या घराला समुद्राचा वास यायचा, आणि आबा सोडले तर घरातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. राजूरच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, मीठ, मिरची आणि सुक्या मासळीचं दुकान होतं. पुढं दुकान, मधे वखार, मागं आम्ही. घाटाखालून हमालांच्या डोईवरून बोंबील, जवळा, खारे बांगडे आणि मिठाची पोती यायची. ती वखारीत छताला टेकेपर्यंत रचली जायची, आणि त्या वासातच आम्ही जेवायचो, झोपायचो, आजारी पडायचो. शाळेत मुली माझ्याशेजारी बसायला कां-कू करायच्या. पण पावसाळा लागला की त्यांच्याच घरी तव्यावर आमच्या दुकानातलं सुकट परतलं जायचं. भाजलेलं सुकट, वरून कच्चा कांदा, ठेचलेली मिरची आणि तव्यावरची नागलीची भाकरी, ह्याहून चांगलं जेवण मी पुढं फार ठिकाणी जेवले नाही. वासाची मात्र मला लाज वाटायची, आणि केसांना तेल लावताना मी ते नाकाशी नेऊन पाहायचे.

जवळा निवडणं हे माझं आणि आत्याचं दुपारचं काम. जवळा म्हणजे नखाएवढी सुकवलेली कोळंबी. ती सुपात ओतली की जाळ्यात चुकून आलेलं समुद्रातलं बाकीचंही काय काय निघायचं. बोटाच्या पेराएवढे खेकडे, घोड्याच्या तोंडाचा एक वाळका मासा, पाच पाकळ्यांचं काहीतरी खरखरीत, शंखाच्या आतच आटून गेलेलं कुणीतरी. आत्या ते सगळं कोंबड्यांपुढं फेकायची. तिची नजर चुकवून मी चांगले चांगले नग उचलायचे आणि चहाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. त्यांची नावं मला माहीत नव्हती. समुद्र म्हणजे असल्या मेलेल्या वस्तूंचा भला मोठा साठा असावा, अशीच माझी समजूत होती.

आत्या आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, आणि पुढं माझी आई गेल्यावर घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या. ती दुष्ट होती असं म्हणून मोकळं होणं मला फार सोपं आहे. पण मला ताप आला की उशाशी तीच बसायची, भाकरीचा पोपडा काढून त्यात तूप भरून मला तीच द्यायची. तिचा माझ्यावर जीव होता. फक्त त्या जिवात आणखी कुणाला जागा नव्हती, आणि जागा मागणाऱ्याला ती कोपरानं ढकलायची.

मी नऊ वर्षांची असताना आबा मीठ भरायला खाली बंदरावर गेले आणि परतताना बायको घेऊन आले. जात आमचीच, पण घाटाखालची. तिचं नाव जानकी. आत्यानं उंबऱ्यावरच तिला ‘नवी’ म्हटलं आणि तेच चिकटलं. “नवे, पानी आन.” “नवे, शेन कोन काढनार?” हळूहळू गल्ली तिला नवी म्हणायला लागली, मग आबाही. “तिला आई म्हनायचं न्हाई,” आत्यानं मला बजावलं, “आई येकदाच आस्ती.” म्हणून मीही तिला नवीच म्हणायचे. ती बोलताना ‘गो’ म्हणायची, ‘हे काय गो’, ‘ये गो बाय’, आणि गल्लीतल्या बायका आडावर पाणी शेंदताना तिची नक्कल करून हसायच्या. तीही त्यांच्याबरोबर हसायची, कारण दुसरं काय करावं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा तिनं माहेरून आणलेली आमसुलं टाकून खाऱ्या बांगड्याचं कालवण केलं. आबांनी दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आत्यानं तिला चुलीपाशी बसू दिलं नाही.

जवळा निवडायला मात्र तिला माझ्याबरोबर बसवलं, कारण ते काम आत्याला कंटाळवाणं वाटायचं. तिथंच तिनं माझा डबा पाहिला. मला वाटलं, आता सांगणार आत्याला. ती डबा मांडीवर घेऊन एकेक नग बाहेर काढू लागली, जशी एखादी बाई दूरच्या गावी आपल्या माणसांचे फोटो बघेल. हा खेकडा मोठा झाला की त्याची एक नांगी अंगाएवढी होते आणि ओहोटीला तो चिखलात उभा राहून ती नांगी हलवतो, कुणाला तरी बोलावल्यासारखा. हा पाच पाकळ्यांचा मासाच, पण पोहत नाही, सरकतो. एक पाकळी तुटली तर नवी येते. मग ती खाडीचं सांगायची. तिवरांची झाडं खाऱ्या चिखलात कशी उभी असतात, त्यांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून खुंट्यांसारखी वर कशी येतात, त्या खुंट्यांमधून निवटे नावाचे मासे बेडकासारख्या उड्या कशा मारतात. तिच्या आईचे हात कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडून फोडून कायमचे चिरलेले होते. आणि थंडीत वाळूत अंडी घालायला येणारी कासवीण. “रडते गो ती. डोल्यांतून पानी गलत राहतं.” मी विचारलं, पिल्लांसाठी का? “कोन जाने. आमी तर अंडी काढून खायचो,” ती म्हणाली आणि सुपातलं निवडत राहिली. ती मऊ मनाची होती असं मी म्हणणार नाही. तिला फक्त सगळं माहीत होतं, आणि आमच्या घरात त्याचा कुणालाही उपयोग नव्हता.

मला ती आवडायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. आत्या आत आली की मी सूप घेऊन तिच्यापासून हातभर लांब सरकायचे. सरकताना नवी माझ्याकडं बघायची नाही, ह्याचं मला बरं वाटायचं. परवा नातवानं मोबाईलवर दाखवलं, कोकणातल्या कुठल्याशा किनाऱ्यावर कासवाची पिल्लं टोपलीतून वाळूत सोडतात आणि शहरातून आलेली माणसं दोरीपलीकडून टाळ्या वाजवतात. पिल्लं धडपडत पाण्याकडं जात होती. नातू म्हणाला, आजी, किती क्यूट आहेत. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत गेले.

त्या वर्षी आमच्या गल्लीचा आड चैत्रातच खाली गेला. राजूरला पावसाळ्यात अंगावरचं कापड वाळत नाही इतका पाऊस, आणि उन्हाळ्यात पोहरा खडकाला लागून वाजतो. बारा घरांचं प्यायचं पाणी त्या एका आडात. आडात कासव असलं की झरा आटत नाही असं आमच्याकडं सगळे मानायचे, आणि आधीचं कासव दिवाळीच्या सुमाराला मरून वर आलं होतं. म्हणून आत्यानं हमालांच्या म्होरक्याला, कोंडाजीला, सांगून ठेवलं होतं, कुठं मिळालं तर एक कासव आण. कोंडाजी शब्दाचा पक्का माणूस. पुढच्या खेपेला तो बोंबलांच्या भाऱ्याबरोबर एक ओलं पोतं घेऊन आला आणि त्यानं ते आडाच्या कठड्यापाशी उलटं केलं. आतून परातीएवढं कासव बाहेर आलं. खाली एका कोळ्याच्या जाळ्यात आलं होतं. तो ते पाण्यात परत सोडणार होता, पण कोंडाजीनं हातापाया पडून मागून घेतलं आणि पोत्यावर पाणी मारत मारत दोन दिवस घाट चढून आणलं.

गल्लीतल्या बायकांनी ताटं आणली. कासवाच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, कुणी फूल ठेवलं. नवी धुणं टाकून ओल्या हातांनी पुढं आली, वाकली, आणि तिनं कासवाचा पुढचा पाय उचलून धरला. “ह्याचे पाय बघा. ही वल्ही हायत, नखांचे पाय नायत. हे दर्यातलं हाय. गोड्या पान्यात मरंल हे. ह्याला खारं पानी लागतं.” ती एवढं सलग बोललेली गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं. क्षणभर सगळ्या बायका त्या पायांकडं बघत राहिल्या, आणि मला वाटलं, आता ऐकतील.

“कासव म्हंजी कासव,” आत्या म्हणाली. “देवळात गेल्यावर कासवाला हात लावतो, तवा इचारतो का, बाबा तू खारा का गोडा?”

बायका हसल्या. समोरच्या घरातली बायजाबाई, तिला सातवा महिना होता, म्हणाली, “आगं नवे, तुज्या खाडीची अक्कल हितं कशाला? हितं पान्याचा जीव चाललाय.” दुकानाच्या पायरीवरून आबा बघत होते. नवीनं त्यांच्याकडं पाहिलं. आबा खरं तर कैकदा बंदरावर गेलेले, त्यांना माहीत असायला हवं होतं, आणि मला आज खात्री आहे की त्यांना माहीत होतंच. ते म्हणाले, “आत जा. चारचौघांत त्वांड चालवायचं न्हाई.” कासवाला दोरांच्या शिंकाळ्यात घालून आडात सोडलं आणि सगळ्यांनी नमस्कार केला.

मी रोज दुपारी कठड्यावर पोट टेकून आत बघायचे. उन्हाची तिरीप थोडा वेळ खालपर्यंत जायची. पहिले काही दिवस कासव भिंतीला धरून गोल गोल फिरलं. मग नुसतं वर तरंगायला लागलं, एका बाजूला कललेलं, बुडी न मारता. पोहरा त्याच्या पाठीवर आदळायचा आणि बायका म्हणायच्या, बघा कसं माणसाळलंय. एका दुपारी ते अगदी माझ्या खाली आलं तेव्हा दिसलं, त्याच्या डोळ्यांवर पांढरं आलं होतं. मी धावत नवीकडं गेले आणि विचारलं, काय केलं तर ते जगेल? ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, “काय करनार गो. खारं पानी पायजे त्याला, आनि ते हितं कुटून आननार.” एवढंच. तिनं मला दुसरं काहीही सांगितलं नाही, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते आहे, कारण लिहिण्याचं कारणच ते आहे.

खारं पाणी कुठून आणणार, हे ज्या घरात मिठाची पोती छताला लागली होती त्या घरातल्या मुलीला अवघड वाटलं नाही. दुपारी सगळे आडवे झाले की मी वखारीत जायचे, मागच्या फाटक्या पोत्याला हात घालून खडे मीठ परकराच्या ओच्यात भरायचे, आणि आडावर जाऊन मूठ मूठ हळूच सोडायचे, आवाज न करता. आपण प्यायचं पाणी खारं करतो आहोत हे मला कळत नव्हतं का? कळत होतं, पण मी त्यावर तोड काढली होती. मीठ जड, ते खाली बसेल. कासव तळाशी जाऊन राहील, आणि वरचं गोड पाणी आपण पिऊ. माझ्या मनात तो आड दोन मजली घरासारखा होता, खाली भाडेकरू आणि वर आम्ही. ओचा रिकामा झाला की परकर झटकायचे. पण घामानं मीठ कापडाला धरायचं, आणि वाळल्यावर काठ पांढरा होऊन कडक व्हायचा. सात दुपारी मी हे केलं. आश्चर्य म्हणजे तितके दिवस कुणाला काही कळलं नाही, म्हणजे माझा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

पाणी आणखी उतरलं आणि पोहरा तळ खरवडू लागला, तेव्हा सगळं ढवळलं गेलं. आधी गल्लीत डाळ शिजेना. बायजाबाईनं तूर दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा तसाच टणक. तिला वाटलं, वाण्यानं जुनी डाळ दिली, आणि ती भांडून आली. मग दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मग कुणाच्या तरी म्हशीनं पाण्याला तोंड लावलं आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तोंडात धरवेना. बारा घरांच्या बायकांना हंडे घेऊन खाली नदीवर जायची पाळी आली. नदीतही नुसते डोह उरले होते, आणि परतताना उभी चढण. दोन दिवस त्यांनी काढले. तिसऱ्या दिवशी बायजाबाई भरल्या हंड्यासकट चढणीवर पडली. तिला उचलून घरी आणलं आणि संध्याकाळच्या आत तिचं पोट रिकामं झालं. मुलगा होता, असं बायका म्हणाल्या.

ते मी केलं. बायजाबाईचा तो मुलगा जगला असता तर आज ऐंशीच्या घरात असता. त्याला नाव नव्हतं, म्हणून मी त्याला मनात कशानंही हाक मारू शकत नाही. पण त्याची आठवण आली नाही असं वर्ष गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळी गल्ली आमच्या दारात उभी राहिली. पाणी खारट झालं आहे आणि गावात मिठाची वखार एकच आहे, इथपर्यंत विचार करायला कुणाला शहाणपण लागत नव्हतं. आणि कासवाला खारं पाणी लागतं हे सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं? बायजाबाईचा नवराही त्यांत उभा होता. आबांनी नवीला बाहेर बोलावलं.

“तू टाकलंस?”

“नाय,” ती म्हणाली.

“मग कुनी?”

“मला म्हाईत नाय.” आणि तसं म्हणताना तिची नजर माझ्या परकरावर आली. मी आत्याच्या मागं उभी होते. काठ पांढरा होता, मीठ फुटून भेगा पडल्यासारखा. तिनं तो पाहिला, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि मला कळलं की तिला कळलं. ती आता बोट दाखवणार असं मला वाटलं. तिनं नजर परत आबांकडं वळवली.

आत्यानं मला पुढं ओढलं. “ही पोर रोज दुपारच्याला आडावर आस्ती. चंद्रे, खरं बोल. कुनाला बघितलंस?”

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. ‘मला ठाऊक नाही’ म्हणाले असते तरी निभावलं असतं. हे मी इतक्या वर्षांत अनेकदा मांडून पाहिलं आहे. पण मी म्हणाले, “नवीनं.” आणि तेवढ्यावर थांबले नाही. “पदरातनं न्यायची. मूठ मूठ टाकायची, आवाज न करता.” मूठ मूठ म्हटल्यावर सगळ्यांना पटलं, कारण असं कुणी पाहिल्याशिवाय सांगत नाही.

आबांनी तिला मारलं नाही. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला तेवढीच एक गोष्ट सांगून घ्यायचे. मारायची गरज पडली नाही, कारण आत्यानं पोहरा भरून आणायला सांगितला. “तिनं खारं केलं, तीच पील,” ती म्हणाली, आणि बायकांमधून कुणीही नको म्हणालं नाही. तांब्या भरून आत्यानं माझ्या हातात दिला. “तू दे तिला. तू खरं बोललीस.” मी तांब्या घेऊन नवीपुढं गेले. तिनं माझ्या हातातून घेतला आणि प्यायली. दुसरा दिला. तोही प्यायली. तिसऱ्याला तिच्या नाकातोंडातून पाणी आलं आणि ती पायरीवर बसून ओकायला लागली, तेव्हा बायजाबाईचा नवरा म्हणाला, “पुरं.” गल्लीत त्या दिवशी दयेचा तेवढाच एक शब्द बोलला गेला, आणि तो ज्याचं मूल गेलं त्यानं बोलावा ह्याची मला अजून लाज वाटते. आबा दुकानात जाऊन मिरच्यांची पोती उगाच इकडची तिकडं करत होते.

कासव त्याच दिवशी वर काढलं, जिवंत. त्याला कठड्याशेजारच्या फरशीवर उताणं टाकलं, आणि भर वैशाखातल्या उन्हात त्याची वल्ही हवेत चालत राहिली, हळूहळू, पोहल्यासारखी. डोळ्यांतून घट्ट पाणी येत होतं. मुलं म्हणाली, रडतंय, आणि दगड मारायला लागली. पहिला दगड दुसऱ्या कुणाचा, दुसरा माझा. कुणी मला संशयानं बघू नये म्हणून मी मारला, आणि तो नेमका मऊ मानेला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते हलत होतं. मग कोंडाजीच्या माणसांनी ते उचलून नेलं आणि खाल्लं.

तिसऱ्या दिवशी पहाटे कोंडाजीची माणसं खाली जाणार होती. त्यांच्याबरोबर नवीला माहेरी पाठवायचं ठरलं. ठरवलं आत्यानं, मान हलवली आबांनी. तिला परत आणायचं असं कुणीच म्हणालं नाही. उजाडायच्या सुमाराला ती गाठोडं बांधून मागच्या पडवीत बसली होती. मला बोलावून तिनं पुढ्यात बसवलं आणि माझे केस विंचरायला घेतले, रोजच्यासारखे. फणी दोन-तीनदा फिरवून ती हलक्या आवाजात म्हणाली, “किती टाकलंस?”

“सात ओचे,” मी म्हणाले. तिच्याशी खोटं बोलायचं मला सुचलंच नाही.

फणी थांबली. ती खरोखरच विचार करत होती. “कमी पडलं गो,” ती म्हणाली. “दर्या लय खारा आस्तो. त्यानं ते काय जगलं नसतं.” मग वेणी घालायला लागली. “मी नाय सांगनार कुनाला. पन तू सांग. आज सांग. दुपारपत्तूर आमी ओढ्याच्या वडाखाली भाकरी खायला थांबतो. तुज्या बापाचं तट्टू हाय, तितवर कोनपन येऊन मला मागारी आनंल. घाट उतरला का मग संपलं. खाली माज्या भावानं घरात घेतलं तर घेतलं. खारं पानी पाजून हाकललेली बाई कोन घेतो घरात?” तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “मारतील तुला. दोन दिस दुखंल. मग संपंल.”

तिनं वेणी घट्ट बांधली आणि उठली. जाताना ती आबांच्या पाया पडली, आत्याच्याही पडली. ती गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा उजाडलं होतं.

आबांनी दुकान उघडलं. मी पायरीवर बसून मिरच्यांचे देठ खुडत राहिले. तट्टू खांबाला बांधलेलं होतं आणि शेपटीनं माश्या हाकलत होतं. मी मनात वाक्य जुळवलं: आबा, ते मी टाकलं. चारच शब्द. एक गिऱ्हाईक आलं, ते गेल्यावर सांगू. मग दुसरं आलं. पायरीवरची सावली सरकत उंबऱ्याला आली, तेव्हा ते सगळे वडाखाली पोचले असतील. ती रस्त्याकडं तोंड करून बसली असेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. सावली उंबऱ्याच्या आत आली. दुकानात आता कुणी नव्हतं. आबांनी तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. आज मला वाटतं, त्यांना शंका होती. ती खरी ठरावी असंही त्यांना वाटत होतं, आणि स्वतः विचारायची त्यांच्यात हिंमत नव्हती. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “चंद्रे, काय सांगायचं हाय का तुला?”

“भूक लागली,” मी म्हणाले.

आबा उठले, चुलीपाशी गेले, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं मला वाढलं. मी दोन भाकरी खाल्ल्या.